पंखा कोणाच्या हाती? : सातारा-सांगली परिसरातील इंजिन-शीतनाच्या देखभालीचा इतिहास

प्रस्तावना

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा औद्योगिक इतिहास लिहावयाचा झाल्यास त्याची सुरुवात कोठून करावी, याविषयी अभ्यासकांत फारसा मतभेद होणार नाही. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळील माळरान लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिले आणि १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली. कराडजवळ ओगलेवाडीचा काच कारखाना उभा राहिला आणि तेथील 'प्रभाकर' कंदील घरोघर गेला. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी लोखंडी नांगरांपासून डिझेल इंजिनांपर्यंत मजल मारली. हेच कूपर १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या अल्पकालीन मंत्रिमंडळाचे प्रमुखही झाले. सांगलीत १९४७ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले आणि पुढे त्याला वालचंद हिराचंद यांचे नाव मिळाले. या परंपरेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. शंकरराव किर्लोस्करांचे 'शंवाकीय' आणि शंतनुराव किर्लोस्करांचे 'कॅक्टस अँड रोझेस' ही आत्मचरित्रे तर उद्योजकतेच्या अभ्यासकांना सुपरिचित आहेत.

तथापि हा सर्व इतिहास यंत्र घडविणाऱ्यांचा आहे. कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडलेले यंत्र पुढे वीस-पंचवीस वर्षे कोणी चालते ठेवले, त्यासाठी कोणते ज्ञान लागले, ते कोणाकडून कोणाकडे गेले, याची नोंद क्वचितच आढळते. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' (२००६) या ग्रंथात तंत्रज्ञानाचा इतिहास केवळ शोधांचा न लिहिता वापराचा आणि देखभालीचा लिहावा, असे प्रतिपादन केले आहे. आपल्याकडे त्याची गरज अधिक आहे. मिरजेत शस्त्रांचे काम करणाऱ्या शिकलगार कुटुंबांतून तंतुवाद्यांचे कारागीर कसे घडले, त्यांची घराणी कोणती, हे आपण कौतुकाने सांगतो. त्याच मिरजेतील मोटार मेकॅनिकांच्या गुरु-शिष्य परंपरेविषयी मात्र आपल्याला काही सांगता येत नाही.

प्रस्तुत निबंधात या विस्तीर्ण विषयाचा एकच लहान भाग विचारासाठी घेतला आहे : मोटारगाडीच्या इंजिनाला थंड ठेवणारा पंखा, त्याची तपासणी आणि त्याची बदली. भाग क्षुल्लक वाटेल. परंतु पंख्याचा वेग कोण ठरवितो, या प्रश्नाचे उत्तर गेल्या शंभर वर्षांत अनेकदा बदलले, आणि दर बदलाबरोबर दुरुस्तीचे ज्ञानही एका हातातून दुसऱ्या हातात गेले. हे स्थित्यंतर दाखविणे हा या लेखनाचा हेतू आहे.

उष्णतेचा प्रश्न आणि घाट

अंतर्ज्वलन इंजिनात जळणाऱ्या इंधनातील उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णताच चाकांपर्यंत काम म्हणून पोहोचते. साधारण तेवढीच धुराबरोबर जाते आणि उरलेली इंजिनाच्या धातूतून बाहेर काढून टाकावी लागते. ती न काढल्यास तेल पातळ होते, दट्ट्या सिलिंडरमध्ये अडकतो, हेड वाकते. कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या गाडीत पाणी उकळून वाफ होऊन जाई आणि चालकाला वाटेत पुन्हा पाणी भरावे लागे. पुढे रेडिएटर आला. फोर्डच्या मॉडेल-टी गाडीत (१९०८) पहिल्या काही गाड्या वगळता पाण्याचा पंपही नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते आणि गार पाणी खाली उतरते, एवढ्यावरच तिचे अभिसरण चाले. पुढील काळातील गाड्यांत पाणी फिरविणारा पंप आणि हवा ओढणारा पंखा एकाच दांड्यावर बसविण्याची पद्धत रूढ झाली. हा पंप केंद्रोत्सारी जातीचा असतो. किर्लोस्करवाडीत १९२६ च्या सुमारास शेतीसाठी ज्या तत्त्वाचा पंप तयार होऊ लागला, तेच तत्त्व येथे लहान आकारात आहे. विहिरीवरचा पंप उकलून पाहिलेल्या या भागातील माणसाला मोटारीचा पाणी-पंप अगदीच परका नव्हता.

सपाट रस्त्यावर गाडी वेगाने जात असेल तर समोरून येणारा वारा रेडिएटरला बहुतांशी पुरतो. पंख्याची खरी परीक्षा होते ती गाडी हळू आणि इंजिनावरचा भार जास्त अशा स्थितीत, म्हणजेच घाटात. सातारा जिल्ह्याच्या रचनेत ही स्थिती जागोजागी आहे. पुण्याहून येताना खंडाळा आणि वाई या तालुक्यांच्या दरम्यान खंबाटकी आडवा येतो. वाईहून पाचगणीस जाणारा पसरणीचा घाट सुमारे बारा किलोमीटरांत पाचशे मीटरांहून अधिक उंची गाठतो. पाटणकडून चिपळूणला उतरणारा कुंभार्ली घाट परतीच्या वाटेवर तेवढाच कठोर आहे. शिवाय उंची वाढते तसे पाणी कमी तापमानावर उकळते; सुमारे १३७० मीटर उंचीवरील महाबळेश्वरात ते उघड्या भांड्यात ९५-९६ अंश सेल्सिअसलाच उकळते. रेडिएटरच्या झाकणातील स्प्रिंग आतील दाब वाढवून ही मर्यादा वर नेते. झाकणाचे रबर झिजले की तो लाभ जातो आणि दोष नसताना पंख्याला बोल लागतो. सांगलीच्या पूर्वेकडील जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या तालुक्यांत घाट नाहीत. पण तेथे उन्हाळा कडक आहे आणि विहिरीचे जड पाणी रेडिएटरच्या नळ्यांत क्षारांचा थर धरते. अशा गाडीला कितीही चांगला पंखा लावला तरी ती तापणारच. पंखा तपासण्याआधी रेडिएटर, झाकण आणि पाणी तपासावे, हा मेकॅनिकांचा क्रम अशा अनुभवातूनच आलेला आहे.

चालकाच्या पायातील पंखा

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या रस्त्यांवर धावणाऱ्या खाजगी सर्व्हिस मोटारी, पुढे आलेल्या जीप, १९५४ पासून निघालेले टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक, अॅम्बॅसडर आणि फियाट, या साऱ्यांमध्ये पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरत असे. इंजिन जितके वेगात, तितका पंखा वेगात. याचा अर्थ असा की पंख्याचे नियंत्रण चालकाकडे होते. चढावर वरच्या गियरमध्ये इंजिन ओढत नेले की फेरे कमी होतात, पंखा आणि पंप मंदावतात, आणि नेमक्या त्याच वेळी सिलिंडरमधील उष्णता सर्वाधिक असते. म्हणून चढ लागण्यापूर्वीच गियर खाली घ्यावा, इंजिन मोकळे फिरू द्यावे, असे जुने चालक नवशिक्याला सांगत. ही शिकवण बहुधा गाडीची ताकद टिकविण्यासंबंधी आहे असे समजले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते ती तितकीच शीतनासंबंधीची होती. गाडी तापल्यावर इंजिन एकदम बंद न करता ती सावलीत उभी करून, बॉनेट उघडून, थोड्या वाढीव फेऱ्यांवर चालू ठेवण्याची रीतही त्याच समजुतीतून आली. इंजिन बंद केले की पंखा आणि पंप दोन्ही थांबतात आणि धातूत साठलेली उष्णता जागच्या जागी पाणी उकळविते.

पट्ट्यावरच्या पंख्याची तपासणी डोळा आणि बोट यांनी होत असे. इंजिन बंद करून पट्ट्याच्या मोकळ्या भागावर अंगठ्याने दाबावे. तो सुमारे अर्धा इंच दबला तर ताण योग्य. जास्त दबला तर पट्टा घसरतो, किंकाळीसारखा आवाज येतो. मुळीच दबला नाही तर पंपाचे बेअरिंग मरते. पंख्याचे पाते धरून पुढे-मागे हलवावे; खडखड लागली तर दोष पंख्यात नसून पंपाच्या बेअरिंगमध्ये आहे. पात्याच्या मुळाशी, रिबिटांजवळ, बारीक चीर आहे काय ते पाहावे, कारण चीर गेलेले पाते चालू इंजिनात सुटले तर ते रेडिएटर फाडते आणि समोर उभ्या माणसाचा जीवही घेऊ शकते. वाकलेले पाते ठोकून सरळ करण्याचा मोह अनेकांना होई. तसे केल्यास तोल बिघडतो आणि काही महिन्यांत पंप गळू लागतो. पंखा बदलणे म्हणजे डायनॅमो सैल करून पट्टा उतरविणे, चार बोल्ट काढणे आणि तेवढ्याच व्यासाचा, तेवढ्याच पात्यांचा दुसरा पंखा योग्य तोंडाने बसविणे. उलटा बसविलेला पंखाही फिरतो, वाराही थोडाफार देतो; म्हणूनच ही चूक लवकर ध्यानात येत नाही.

वाटेत पट्टा तुटला तर दोरी किंवा जुन्या ट्यूबची पट्टी पुलीवर चढवून जवळचे गाव गाठता येई. हे कौशल्य आज आपण 'जुगाड' म्हणून कधी हसण्यावारी नेतो, कधी अवास्तव गौरवितो. दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. दोरीवर गाडी किती अंतर आणि किती फेऱ्यांवर न्यावी, हा निर्णय यंत्राच्या जाणकारीवाचून घेता येत नाही. त्या जाणकारीला प्रमाणपत्र मात्र नव्हते.

एस.टी. आणि नोंदीची शिस्त

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली आणि पुढील काळात प्रवासी वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचले. देखभालीच्या इतिहासात ही घटना निर्णायक आहे. खाजगी मोटारमालकाकडे चालक, क्लीनर आणि मेकॅनिक यांच्यातील सीमा पुसट असे. एस.टी.ने त्या कामांची विभागणी केली : आगारातील दैनंदिन पाहणी, ठरावीक किलोमीटरांनंतरचे 'डॉकिंग', मोठ्या कामासाठी विभागीय कार्यशाळा, आणि त्याहून मोठ्यासाठी दापोडीसारखी मध्यवर्ती कार्यशाळा. चालकाने दोष लिहून द्यावयाचा आणि मेकॅनिकने तो काढावयाचा, अशी व्यवस्था झाली. 'गाडी गरम होते' या तीन शब्दांच्या तक्रारीतून दोष पट्ट्यात आहे, पंपात आहे की रेडिएटरमध्ये, हे शोधणे आता दुसऱ्या माणसाचे काम झाले. अंगठ्याचा अंदाज वेळापत्रकात बसला.

याचे लाभ उघड होते. पट्टा तुटेपर्यंत वाट न पाहता ठरल्या वेळी तपासला जाऊ लागला. आगारात शिकाऊ उमेदवारी केलेली आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून आलेली मुले पुढे स्वतःची गॅरेजे काढण्याइतकी तयार झाली. पण एक गोष्ट याच वेळी सुटू लागली. चालकाचा कान आणि मेकॅनिकचा हात हे एकाच माणसाचे राहिले नाहीत.

साताऱ्याचा स्वतःचा पंखा

आतापर्यंतची चर्चा बाहेरून आलेल्या गाड्यांविषयी झाली. इंजिनाचा पंखा अंगावर बाळगणारे एक वाहन मात्र खुद्द साताऱ्यात तयार होत होते. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांच्या भागीदारीतून १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन झाली आणि तिच्या साताऱ्याच्या कारखान्यातून 'प्रिया' ही स्कूटर बाहेर पडू लागली. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत राहण्याचा तो काळ होता; 'प्रिया' मिळणे ही मध्यमवर्गीय घरात सांगण्यासारखी बातमी असे. या स्कूटरचा आराखडा इटलीच्या पियाज्जो कंपनीच्या व्हेस्पाच्या परंपरेतला, म्हणजे मुळात कोरादिनो दास्कानियो यांनी १९४६ मध्ये बाजारात आणलेल्या रचनेचा होता.

मोटारसायकलचे सिलिंडर समोरच्या वाऱ्यात उघडे असते. व्हेस्पाचे इंजिन मागील चाकाशेजारी पत्र्याच्या आत झाकलेले असल्यामुळे तेथे वारा पोहोचत नाही. म्हणून मॅग्नेटोच्या फ्लायव्हीलवरच पाती ओतलेली असतात आणि त्यांनी ओढलेली हवा पत्र्याच्या आवरणातून सिलिंडरच्या कंगोऱ्यांवर सोडली जाते. येथे पट्टा नाही, पाणी नाही, रेडिएटर नाही. इंजिन फिरते तोवर पंखा फिरतोच. त्यामुळे पंखा सहसा बिघडत नाही आणि नेमके हेच त्याच्या देखभालीतील संकट आहे : कोणी त्याच्याकडे पाहात नाही. फ्लायव्हीलची पाती एक-दोन ठिकाणी तुटली तरी स्कूटर चालते. कंपन मात्र वाढते आणि क्रँकचे बेअरिंग लवकर जाते. कंगोऱ्यांमध्ये तेल आणि धूळ यांचा चिखल बसला तर हवा धातूपर्यंत पोहोचत नाही. सर्वांत घातक म्हणजे काम करताना काढलेले पत्र्याचे आवरण परत न लावणे किंवा एकाच स्क्रूवर लोंबते ठेवणे. पंखा हवा ओढतो, पण ती सिलिंडरकडे न जाता भलतीकडेच जाते, आणि लांबच्या चढावर पिस्टन धरून बसतो. फ्लायव्हील बदलताना ते हातोडीने न ठोकता पुलरने काढावे लागते. ठोकल्याने चुंबकत्व मंदावते, दांड्याचे टोकही बिघडते.

दट्ट्या अडकण्याच्या दुरुस्तीचे काम साताऱ्यातील किती तरी लहान गॅरेजांनी केले असेल. कारखान्याची वार्षिक उत्पादनसंख्या अहवालांत सापडते. त्या कारखान्याच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्यांची शहरात निर्माण झालेली विद्या कोणत्याच अहवालात नाही. गियरच्या मोटारसायकली आणि नंतर बिनगियरच्या स्कूटर यांनी बाजार व्यापल्यावर २००० नंतरच्या दशकात येथील स्कूटर-उत्पादन थांबले.

ऊस आणि वडाप

सहकारी साखर कारखान्यांमुळे या दोन जिल्ह्यांच्या वाहतुकीला हंगामी रूप आले. सांगलीचा शेतकरी कारखाना, रेठरे बुद्रुकचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री, साखराळ्याचा राजारामबापू, भुईंजचा किसन वीर अशा कारखान्यांच्या गव्हाणीसमोर गळीत हंगामात ट्रक आणि दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस रांगेत उभे असतात. शेतातून भरलेला ट्रेलर बाहेर काढताना गाडीचा वेग माणसाच्या चालीइतका आणि इंजिन पूर्ण भारावर, अशी स्थिती येते. घाट नसताना घाट निर्माण होतो. त्यात उसाचे पाचट आणि धूळ पंख्याच्या ओढीने रेडिएटरच्या तोंडावर येऊन चिकटते. पंखा जितका चांगला, तितके पाचट अधिक ओढले जाते. समोर जाळी लावणे आणि रेडिएटर आतल्या बाजूने, म्हणजे वाऱ्याच्या उलट दिशेने, हवेने फुंकून साफ करणे हा त्यावरचा उपाय. पुढून पाण्याचा जोरदार फवारा मारल्यास पाचट आत अधिक घट्ट बसते आणि नाजूक पत्र्या आडव्या होतात.

दुसरे वाहन 'वडाप'चे. सातारा, सांगली, कोल्हापूर भागात प्रवाशांची खाजगी सामायिक वाहतूक करणाऱ्या जीप आणि ट्रॅक्स यांना हा शब्द लाभला. कायद्याच्या दृष्टीने तिची स्थिती नेहमीच संशयास्पद राहिली, पण एस.टी. न पोहोचलेल्या वाड्यावस्त्यांची ती गरज होती. क्षमतेहून कितीतरी अधिक माणसे, दर फर्लांगावर थांबा, आणि मालकाला दिवसाच्या कमाईतून हप्ता फेडावयाचा. अशा गाडीची देखभाल 'अडले की करू' या तत्त्वावर चाले. पंख्याभोवतीचे शीतक-आवरण, ज्याला मेकॅनिक 'काऊल' किंवा 'श्राऊड' म्हणतात, पट्टा बदलताना अडचण करते म्हणून काढून ठेवलेले अनेक जीपमध्ये दिसे. हे आवरण नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी पात्यांच्या टोकांभोवती तीच तापलेली हवा फिरवीत बसतो. हरवलेल्या पत्र्याच्या तुकड्यासाठी मग मोठा पंखा, नवा पंप, शेवटी हेडचे काम असा खर्च वाढत जाई. गरिबीमुळे देखभाल टळते आणि टळलेली देखभाल गरिबाकडूनच अधिक पैसे घेते, याचे एवढे साधे उदाहरण अर्थशास्त्राच्या वर्गातही उपयोगी पडावे.

सिलिकॉन तेल, विजेचा पंखा आणि संगणक

पट्ट्यावरच्या पंख्याचा दोष असा की गरज नसतानाही तो फिरतो. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट लागते. सपाट रस्त्यावर, थंड सकाळी, हा इंधनाचा निव्वळ अपव्यय आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मोठ्या डिझेल गाड्यांत 'विस्कस' क्लच असलेले पंखे रुळू लागले. पंखा आणि पुली यांच्यामध्ये सिलिकॉन तेलाची बंद डबी असते. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की पुढील बाजूची द्विधातूची पट्टी वळते, झडप उघडते, तेल आतल्या खाचांत उतरते आणि पंखा पुलीला धरून फिरू लागतो. हवा निवली की तो पुन्हा सैल होतो. पंख्याचे नियंत्रण चालकाच्या पायातून निघून धातूच्या एका वेटोळ्याकडे गेले.

तपासणीही बदलली. आता पट्ट्याकडे पाहून काही कळत नाही. थंड इंजिन बंद असताना पाते हाताने ढकलावे; किंचित अडखळत एखादा फेरा फिरून थांबले तर क्लच ठीक. वाऱ्यावरच्या भिरभिऱ्यासारखे फिरत राहिले तर तेल गेले आहे. डबीच्या कडेला तेलकट धुळीची रेघ दिसेल. अजिबात हललेच नाही तर क्लच अडकला आहे. गाडी तापणार नाही, पण डिझेल खाईल आणि सदैव गरजत राहील. तापलेल्या इंजिनात क्लचने पंखा धरला की आवाज एकदम वाढतो. हा आवाज ओळखता येणे हीच परीक्षा. अनेक गाड्यांत क्लचची नट उलट्या आट्यांची असते आणि ती जोर लावून नेहमीच्या दिशेने फिरविल्यास पंपच तुटतो. नवा क्लच दुकानात आडवा पडलेला असेल तर तेल भलत्या कप्प्यात उतरते, म्हणून तो उभा ठेवावा. ही सारी माहिती पुस्तिकेत होती. पुस्तिका इंग्रजीत होती.

प्रवासी मोटारींत बदल अधिक झपाट्याने झाला. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. तिचे इंजिन आडवे बसविलेले असल्याने रेडिएटरसमोर पट्ट्याचा पंखा येऊच शकत नव्हता. म्हणून विजेचा पंखा आणि पाण्याच्या तापमानावर चालणारा स्विच. अंगठ्याच्या ठिकाणी टेस्ट-लॅम्प आला. पंखा फिरत नसेल तर त्याला बॅटरीची थेट वीज द्यावी. फिरला तर मोटर निर्दोष, मग फ्यूज, रिले, स्विच आणि वायर असा मागे मागे शोध घ्यावा. वातानुकूलन असलेल्या गाडीत ते चालू करताच पंखा फिरतो. त्यावरूनही दोष कोणत्या शाखेत आहे हे कळते. काम करताना बॅटरीची ऋण तार आधी काढावी लागते, कारण काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही असा पंखा आपोआप सुरू होतो. पूर्वी बंद इंजिनाचा पंखा म्हणजे निर्धोक पंखा होता. जुन्या हाताला ही सवय मोडणे जड गेले आणि बोटे दुखावली गेली.

त्यानंतरच्या गाड्यांत, विशेषतः एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज-सहा निकषांच्या वाहनांत, इंजिनाचे बहुतेक व्यवहार संगणकाच्या देखरेखीखाली आले आणि पंख्याचा निर्णयही अनेक गाड्यांत त्यानेच घ्यावा असे झाले. सेन्सरची तार तुटली तर संगणक सावधगिरी म्हणून पंखा पूर्ण वेगाने चालू ठेवतो. गाडी थंड असते आणि तरीही बिघडलेली असते. अशा दोषाचे निदान स्कॅनरवाचून करणे कठीण आहे. लहान गॅरेजाचा मालक महागडा स्कॅनर घेत नाही, किंवा घेतो पण एकाच कंपनीच्या गाड्यांपुरता. गिऱ्हाईक अधिकृत सेवाकेंद्राकडे वळते. तेथे मोटर, पाती आणि आवरण मिळून एकच जोडणी बदलली जाते. तीत दुरुस्त करण्याजोगा कार्बन ब्रश असतो, हे सांगणारे कोणी तेथे नसते.

येथे गतकाळाविषयीच्या हळहळीपासून दूर राहणे इष्ट आहे. विजेच्या पंख्याने इंधन वाचविले, खंबाटकीत वाफ सोडीत उभ्या राहणाऱ्या गाड्या कमी केल्या, आणि नवशिक्या चालकालाही पसरणी निर्धास्त चढता येऊ लागला. सन २००० च्या सुमारास खंबाटकीचा बोगदा झाल्यावर पुण्याकडे जाणाऱ्या वाहनांचा चढही सौम्य झाला. प्रश्न पंख्याच्या गुणवत्तेचा नसून ज्ञानाच्या वाटपाचा आहे. ज्या माणसाला पंखा का फिरतो हे कळत होते, त्याला आता तो फिरतो एवढेच कळते.

शब्दांचा प्रश्न

किर्लोस्करवाडीतून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाले, ते मुळात कारखान्याचे मुखपत्र होते. यंत्र विकणाऱ्याने यंत्र वापरणाऱ्याशी मराठीत बोलावे, ही त्यामागील जाणीव होती. पुढे ते वाङ्मयीन मासिक झाले आणि आपण त्याचे हेच रूप लक्षात ठेवले. खंबाटकी आणि पसरणी या दोन्ही घाटांच्या पायथ्याशी असलेल्या वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम झाले. १९७६ मध्ये पहिला खंड आला आणि त्यात 'अंतर्ज्वलन-एंजिन' या विषयाला स्थान मिळाले. एका बाजूस कोशाची काटेकोर परिभाषा, दुसऱ्या बाजूस त्याच गावातील गॅरेजात चालणारी 'फॅनबेल्ट', 'काऊल', 'हेड उडाले' ही भाषा. दोन्ही मराठीच. पण पुस्तिका लिहिण्याची वेळ आली तेव्हा कोशाची भाषा मेकॅनिकपर्यंत पोहोचली नाही आणि मेकॅनिकची भाषा छापण्यायोग्य मानली गेली नाही. मधल्या जागेत इंग्रजी पुस्तिका आणि आता पडद्यावरचे सांकेतिक क्रमांक आले.

या परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास, मराठी आणि यंत्र-अभियांत्रिकी या विभागांना एकत्र येऊन करता येईल असे काम येथे पडून आहे. जुन्या गॅरेजांच्या उधारीच्या वह्या, सुट्या भागांच्या दुकानांची बिले, कार्यशाळांतील बाद झालेली डॉकिंगची रजिस्टरे आणि प्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिक-वह्या ही या इतिहासाची साधने होत. ती रद्दीत जाण्यापूर्वी मागून घ्यावी लागतील. एस.टी.च्या प्रारंभीच्या पिढीचे यांत्रिक कर्मचारी आता फार थोडे उरले असतील. त्यांच्या मुलाखती घेताना 'आपण किती वर्षे नोकरी केली' यापेक्षा 'दोष पंख्यात आहे हे आपल्याला कशावरून कळत असे' हा प्रश्न आधी विचारावा. तोही दिवाणखान्यात बसून विचारू नये. एखाद्या जुन्या गाडीचे बॉनेट उघडून, इंजिन चालू करून विचारावा आणि ध्वनिमुद्रण सुरू ठेवावे, म्हणजे क्लचने पंखा धरताच बदलणारा आवाज आणि त्या क्षणी त्या माणसाने केलेली खूण, दोन्ही एकाच नोंदीत येतील.